हिरवं चालू, लाल बंद

आमच्या घरात आवाज एकाच माणसाचा होता, आणि तो माझा नव्हता. माझ्या बायकोचा होता. तो नागपूरच्या डॉक्टरांनी काढून घेतला. गळ्यात गाठ होती, ती काढताना आवाजाचं यंत्रच काढावं लागलं, असं ते म्हणाले. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ती चाळीस वर्षं हिरड्यांना गुडाखू, म्हणजे गुळात मळलेली तंबाखू, घासत होती, हे आम्हाला ठाऊक होतंच. आता तिच्या गळ्याला भोक आहे. त्यावर ती पांढरं जाळीचं फडकं बांधते आणि तिथूनच श्वास घेते. बोलायचं असलं की पाटीवर लिहिते. पाटी जवळ नसली की टाळी वाजवते. एक टाळी म्हणजे इकडे या. दोन टाळ्या म्हणजे तुमी चुकून राहिले. दोन टाळ्याच जास्त वाजतात.

ती लग्नात गाणारी. आम्ही पोवार, माळव्यातून आलेले, असं आमचे म्हातारे सांगत. घरी पोवारी बोलतो. इथं मराठीत लिहितो, कारण चवथीपर्यंत शाळेत तेवढंच शिकलो. आमच्यात मांडव पडला की हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक कामाला गाणं लागतं, आणि ते बायकांनीच म्हणायचं. पुरुषानं तोंड उघडायचं नसतं. आमगावपासून सालेकशापर्यंत कोण्या सोयऱ्याकडं लग्न निघालं की पत्रिकेच्या आधी तिला निरोप येई. मी तिला मोटरसायकलवर बसवून नेई आणि मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसे. लोक मला ओळखत ते तिच्यावरून. मला ते आवडत नसे, असं मी दाखवत असे.

डॉक्टरांनी तारीख दिली तेव्हा मधे तीन आठवडे होते. आमची लेक तिरोड्याला मास्तरीण आहे. ती तिच्या घरचा जुना कंप्यूटर आणि एक माईक घेऊन आली. म्हणाली, "माय, आता जेवढी येतात तेवढी म्हण." धानाची ढोली ठेवतो त्या खोलीत कंप्यूटर मांडला. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणमातीनं लिंपलेली मोठी कोठी. तिच्या आडोशानं बाहेरचा आवाज कमी येतो, असं लेकीचं म्हणणं. आठ दिवस बायको गायली. घसा दुखे, मधे रक्त थुंके, पाणी पिई आणि पुन्हा गाई. मी दारात काठी घेऊन बसलो होतो. कोंबड्या हाकलणं, शेजाऱ्यांना परत पाठवणं, हे माझं काम.

शेवटच्या दिवशी तिनं एक गाणं म्हटलं ते आधी कोणी ऐकलेलं नव्हतं. आमच्या नातीच्या, लेकीच्या पोरीच्या, हळदीचं. नात तेव्हा कॉलेजात होती, लग्नाचा पत्ता नव्हता. बायकोनं त्यात नातीचं नाव गुंफलं होतं आणि चालही स्वतःच लावली होती. एकदाच म्हटलं, कारण दुसऱ्यांदा म्हणायला घसाच उरला नाही. मी ते दाराबाहेरून ऐकलं. अर्धं ऐकलं. त्याच वेळी एक बकरी अंगणातल्या वाळवणात घुसली होती आणि मी तिच्यामागं गेलो.

ऑपरेशन झाल्यावर कंप्यूटर आमच्याकडंच राहिला. लेकीनं मला चालू करणं, बंद करणं, गाणं लावणं शिकवलं. नेटही लावून दिलं, म्हणजे नातीचं तोंड दिसेल. मी हट्टी माणूस आहे. माऊस हातात धरायला मला चार दिवस लागले, पण पाचव्या दिवशी कोणाला हात लावू दिला नाही. रोज दुपारी जेवण झालं की मी गाणी लावायचो आणि बायको ढोलीला टेकून बसायची. स्वतःचाच आवाज ऐकताना मांडीवर बोटानं ताल धरायची. नातीचं गाणं मात्र तिनं कधी लावू दिलं नाही. एकदा मी बाण तिथं नेला तर दोन टाळ्या. पाटीवर लिहिलं, "हळदीचं हळदीलेच."

मग लेक म्हणाली, "बाबूजी, याची एक कॉपी मी घेऊन जातो. तुमच्या कंप्यूटरले काही झालं तर."

मी म्हटलं, "काय होते? मी काय मेलो का?"

"तुमचं नाई म्हणत जी. मशीनचं म्हणून राहिली."

"घरचा आवाज घरी राहू दे. तुह्या मोबाईलमधून तुह्या शाळेतल्या मास्तरणीच्या मोबाईलमधी जाईन, अन् तेथून साऱ्या गावात."

बायकोनं पाटी पुढं केली. "बियाण्यावानी ठेवा."

ते मला समजलं. आमच्याकडं बियाण्याचं धान कधी एका घरी ठेवत नाहीत. अर्धं आपल्या ढोलीत, अर्धं सोयऱ्याच्या. आग लागली, सोंडे पडले, उंदीर शिरले, तरी पुढच्या साली पेरायला कुठंतरी मूठभर राहतं. माझ्या बापाच्या हयातीत आमचं घर जळलं होतं आणि मामाकडचं बियाणं आणून आम्ही पेरलं होतं. हे सगळं मला माहीत असून मी पाटीवरचं हातानं पुसलं आणि म्हटलं, धान वेगळं अन् हे वेगळं.

माझ्या नाही म्हणण्याला अजून एक कारण होतं, ते लिहिलं पाहिजे. ऑपरेशनच्या दोन वर्षं आधी कुडव्याला एका लग्नात माझ्या चुलत भावानं तिचं गाणं मोबाईलवर भरून घेतलं होतं. जेवणाच्या पंगतीत तो ते चार पोरांना ऐकवत होता आणि पोरं हसत होती. गाण्याला हसत होती की दुसऱ्या कशाला, मी विचारलं नाही. मी ताट सोडून उठलो. म्हटलं, "माह्या घरच्या बाईचा आवाज तुह्या खिशात कायले? पुस ते." तो म्हणाला, "दादा, चांगलं गाते वहिनी, म्हणून ठेवलं." मी म्हटलं, "पुस. माह्यासमोर पुस." त्यानं साऱ्या पंगतीदेखत पुसलं. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद होतं.

पुढचं ज्या साली घडलं, त्या साली आश्विनात धानावर तुडतुडे पडले. लोंबी भरत आली होती आणि बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, मधेच गोल गोल पिवळे डाग पडायला लागले, जळाल्यासारखे. तुडतुडा बुंध्याशी बसतो, वरून दिसत नाही. दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. औषध कोणतं मारावं ते पाहायला मी कंप्यूटरवर गेलो. बोलून विचारता येतं, ते लेकीनं शिकवलं होतं. एक पान उघडलं, त्यावर हिंदीत एक चौकट आली की सूचना दिखाने की अनुमति दें. ती दाबल्याशिवाय पान पुढं जाईना. मी दाबलं. माणूस दार उघडल्याशिवाय आत कसा जाईल, असं मला वाटलं. दार मी माझंच उघडून दिलं होतं, हे नंतर कळलं.

त्याच पानावर सारा पडदा लाल झाला. आणि कंप्यूटरमधून एक बाई बोलायला लागली.

"सावधान. आपका कंप्यूटर खतरे में है."

गोड आवाज. रेल्वे टेशनावर असतो तसा. पुन्हा तेच. पुन्हा तेच. पडद्याच्या मधोमध एक मोठं लाल बटण होतं, त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. त्याच्या बाजूला हिरवं नव्हतं.

आता हे वाचणाऱ्यानं हसू नये. मी पन्नास वर्षं शेतावर पाण्याची मोटर चालवली आहे. मोटरीच्या डब्यावर दोन बटणं असतात. हिरवं दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. मोटरीतून जळका वास आला, वायर तापली, कोणाला झटका बसला, की विचार करायचा नसतो. लाल दाबायचं. तो विचार माझ्या डोक्यात नाही, अंगठ्यात आहे. बाई सावधान म्हणत होती, पडदा पेटल्यासारखा झाला होता, आणि मी लाल दाबलं.

बाई गप्प झाली. मला वाटलं, झालं बंद.

मागं पाहिलं तर बायको स्वैपाक सोडून उंबऱ्यावर उभी होती. हाताला पीठ. ती कंप्यूटरकडं पाहत होती, मग खोलीत इकडं तिकडं. पाटीवर लिहिलं, "कोण आली?"

मी म्हटलं, "कोणी नाई. मशीन बोलली."



दुसऱ्या दिवसापासून कंप्यूटरवर एक ढालीचं चित्र दिसायला लागलं. कंप्यूटर चालू केला की ढाल फिरायची आणि हिंदीत सांगायची की इतके धोके सापडले, इतके मारले. मला ते बरं वाटलं. म्हटलं, त्या लाल बटणानं राखणदार आणून बसवला. चहाच्या टपरीवर मी सांगतही होतो की माह्या कंप्यूटरमधी रोज दुश्मन मरतात. टपरीवाला म्हणाला, "काकाजी, येवढे दुश्मन येतात कोठून? तुमचा काय राजवाडा हाय का?" मी म्हटलं, तुले नाई समजत.

रोज मरत होते आणि रोज वाढत होते, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

मग कोपऱ्यात चौकट्या यायला लागल्या. केस उगवायचं तेल, पत्त्याचे खेळ, अर्ध्या उघड्या बाया. मी एक बंद केली की दोन येत. बंद करायची फुली एवढी बारीक की माझ्या डोळ्याला दिसेना, आणि दिसली की सरके. बायको गाणी ऐकायला बसली की गाण्याच्या मधेच ती बाई बोले. "बधाई हो, आपने जीता है." गाण्यातून माझी बायको आपल्या सोयऱ्याच्या पोरीला मांडवात नेत असे आणि मधेच ही बाई बधाई द्यायची. बायकोची बोटं मांडीवर थांबत. ती पाटी घेत नसे. नुसती माझ्याकडं पाहत असे.

मशीन गरम राहायला लागली. कोणी वापरत नसताना तिचा पंखा घरघरायचा. एकदा दुपारी बायकोनं मला हात धरून नेलं आणि माझा तळवा त्या डब्यावर ठेवला. ताप आलेल्या माणसाच्या पाठीसारखा लागला. पाटीवर लिहिलं, "हा कोनासाठी काम करते?"

 मी म्हटलं, राखण करून राहिला.

शेवटी मी कुडव्याला गेलो. तिथं एक बाई कंप्यूटर दुरुस्तीचं दुकान चालवते. पन्नाशीची असेल. नाकावर चष्मा, पुढ्यात पेचकस आणि उघडलेले डबे. मी मशीन नेली नाही, नुसता गेलो. मशीन दिली तर ती गाणी काढून घेईल, अशी भीती होती. मी सगळं सांगितलं. लाल बटणाचं नाही सांगितलं.

ती म्हणाली, "काकाजी, हा राखवालदार तुमी बोलावला का आपला आपला आला?"

"आला."

"जो खुद चलके आता है ना, वो राखवालदार नई होता जी. असली वाला गप बसते. काम असलं तेव्हाच बोलते. हा तर डफडं वाजवून राहिला."

"पण तो रोज मारते ना दुश्मन."

ती हसली. "तुमच्या बांधीत करगा येते का नाई?"

करगा म्हणजे जंगली धान. पेरलेल्या धानात आपोआप उगवतं. पान तेच, खोड तेच, रंग तोच, निंदणाऱ्या बाईलाही कळत नाही. लोंबी आली की कळतं, तोवर दाणे झडून पुढच्या सालाची पेरणी त्यानं स्वतःच करून ठेवलेली असते. मी म्हटलं, येते.

"मग झालं. तुमी करग्याले पाणी देऊन राहिले." तिनं एका कागदावर लिहून दिलं, मोठ्या अक्षरात, मराठीत. पहिलं, नेटची वायर काढा. दुसरं, ती ढाल आणि जे जे आपण बसवलं नाही ते सगळं काढून टाका, जमलं नाही तर मशीन माझ्याकडं आणा. तिसरं, अनुमती दिली ती परत घ्या, ते मी करून देतो. चवथं, जे हरवलं तर तुमी रडाल ते पेन ड्राईव्हमधी भरा, अन् तो काढून दुसऱ्या घरी ठेवा. चवथ्याखाली तिनं दोन रेघा मारल्या. आधी ते करा, म्हणाली. बाकी नंतर. एक पेन ड्राईव्हही दिला, बोटाएवढा.

"मशीन कधी आणता?"

"आणीन."

"काकाजी, मी तुमची गाणी नाई ऐकत. माह्याकडं टाईम नाई." ती माझ्याकडं न पाहता बोलली. मी गाण्यांचं नाव काढलं नव्हतं. नंतर लक्षात आलं की आमच्या घरच्या गाण्यांची गोष्ट कुडव्यापर्यंत सगळ्यांना माहीत होती, मीच ती लपवत होतो.

घरी आलो. गाणी पेन ड्राईव्हमधे भरली, एक एक करून, दोन दुपारी लागल्या. आणि मग तो काढलाच नाही. बोटाएवढी वस्तू, कुठं पडली तर सापडणार नाही. लेकीकडं पाठवायची तर आधी कॉपी मागितली तेव्हा नाही म्हटलं होतं, आता कोणत्या तोंडानं पाठवू. मशीनलाच लावून ठेवला. म्हटलं, आता दोन ठिकाणी झालं. एकाच भिंतीला दोन ढोल्या टेकवून मी त्याला दोन घरं म्हणत होतो.

नेटची वायर काढली होती. पण नातीचं लग्न ठरलं, आणि पोराकडच्यांना पडद्यावर पाहायचं म्हणून पुन्हा लावली. ढाल काढायला गेलो तेव्हा लाल चौकट आली की हटवल्यास आपला कंप्यूटर असुरक्षित होईल. मी घाबरलो, हे आता लिहून टाकतो. त्या वेळी मी बायकोला सांगितलं, काढली. तिनं कंप्यूटरकडं पाहिलं. ढाल तिथंच फिरत होती. दोन टाळ्या वाजतील म्हणून मी वाट पाहिली. तिनं वाजवल्या नाहीत.

धान घरात आलं. पौषातली दुपार होती, ऊन चांगलं होतं. बायको ढोलीला टेकून बसली आणि मी गाण्यांचा कप्पा उघडला. गाण्यांवर आधी पेटीचं चित्र असायचं. आता सगळी पांढरी होती, कोऱ्या कागदासारखी. नावांच्या पुढं इंग्रजी अक्षरांचं शेपूट लागलं होतं. मी एक दाबलं. उघडलं नाही. दुसरं दाबलं. पेन ड्राईव्ह उघडला, तिथंही पांढरी. पंखा घरघरत नव्हता. इतक्या दिवसांनी मशीन थंड होती, काम आटोपल्यासारखी.

कप्प्यात एक कागद होता, इंग्रजीत. लेकीला फोन लावला आणि मोबाईल पडद्यासमोर धरला. तिनं वाचलं.

"काय लिहून हाय?"

"बाबूजी, त्यायनं साऱ्याले कुलूप लावलं. चावीचे पैसे मागून राहिले."

"कोणी?"

"माहीत नाई जी. कोणीतरी. परदेशातले असतीन."

"मी काही नाई केलं."

"मी तुमाले म्हटलं का काही?"

नंतर तिनं विचारलं, "कॉपी कोठी हाय?" मी म्हटलं, मशीनमधीच लावली होती.  तिच्या मागं शाळेची घंटा वाजली ती ऐकू आली.

मशीन कुडव्याला नेली. दुकानवालीनं दोन दिवस ठेवून घेतली. तिनं त्या ढालीच्या मागं काय काय लपून बसलं होतं ते दाखवलं, मला त्यातलं अर्धं समजलं. एवढं समजलं की ढाल पहारा देत नव्हती, फाटक उघडं धरून बसली होती, आणि शेवटचा जो आला तो त्याच फाटकातून आला. पैसे देऊ नका, म्हणाली. दिले तरी चावी येईल याची खात्री नाही, आणि देणारा आहे हे त्यांना कळलं की पुन्हा येतील. पोलिसांत तक्रार द्या. ती आम्ही दिली. दुकानवालीनं मशीन पुसून नवीन करून दिली, साधा राखणदार बसवला, तो गप्प असतो. जुनी डिस्क मात्र काढून माझ्या हातात ठेवली.

"हे फेकू नका. कधी कधी दोन-चार सालानं चावी सापडते. नाई पण सापडत."

मग तिनं विचारलं, "सुरवातीले तुमी काय दाबलं होतं, काकाजी?"

मी सांगितलं. लाल का दाबलं तेही सांगितलं. ती हसेल म्हणून मी तयार होतो. ती म्हणाली, "माहा बाप पण तेच दाबला असता."

त्याच रस्त्यानं मी चुलत भावाच्या घरी गेलो. त्याचं घर दुकानापासून दोन गल्ल्या सोडून आहे. पाच वर्षांत मी त्याच्या दारात उभा राहिलो नव्हतो. तो ओसरीत मोबाईल पाहत बसला होता. उठून उभा राहिला.

"दादा? काऊन आले?"

मी बसलो नाही. म्हटलं, "वहिनीचं गाणं तू भरलं होतं. ते हाय का?"

त्याला कळायला वेळ लागला. "तुमीच तर पुसाले लावलं होतं."

"पुसल्यासारखं केलं असशीन. लोक करतात तसं. मी रागावत नाई."

"नाई जी. खरंच पुसलं." तो खाली पाहत होता. "तुमी मोठे. चार लोकांदेखत म्हटलं. मले लाज वाटली होती, दादा. घरी येऊन पाहिलं पण, वापस येते का म्हणून. नाई आलं."

त्यानं चहा आणायला सांगितलं. मी तो उभ्यानंच प्यायलो. निघताना तो म्हणाला की त्या पंगतीत पोरं गाण्याले नव्हती हसत, वाढप्याच्या हातून बुंदी सांडली होती.

वैशाखात हळद होती. आमच्याच अंगणात मांडव टाकला, कारण नातीचा तसा हट्ट होता. बायकोनं महिनाभर आधीपासून वहीत गाणी लिहून काढली. दुसरीपर्यंत शिकलेली बाई, एक ओळ लिहायला तिला लागणारा वेळ मी पाहत होतो. जुनी गाणी बायकांना येतच होती. नातीचं गाणं तिनं शेवटी लिहिलं, पूर्ण, एक अक्षर चुकलं नाही. लेकीनं त्याच्या दोन प्रती काढून दोन घरी ठेवल्या. या खेपेला मी अडवलं नाही.

नात हळदीला बसली. बायका पाटाभोवती बसल्या, वही मधे ठेवली. नातीचं गाणं आलं तेव्हा एकीनं विचारलं, "मामीजी, चाल कोणती?"

बायकोनं पितळेच्या ताटलीवर बोटानं ताल धरला. ओठ हलवले. आवाज नाही, गळ्याच्या जाळीतून नुसती हवा. बायकांनी एका जुन्या चालीवर म्हणून पाहिलं. तिनं मान हलवली, नाही. दुसऱ्या चालीवर पाहिलं. नाही. तिनं हातानं वर दाखवलं, खाली दाखवलं, हवेत वळण काढलं. लेक म्हणाली, "माय, असं होतं का?" आणि दोन ओळी म्हटल्या. लेकीनं ते गाणं भरताना एकदाच ऐकलं होतं, तेव्हा तिचं लक्ष मशीनवर होतं. बायको ऐकत राहिली, डोळे मिटून. पुन्हा नाही. नातीच्या अंगावरची हळद वाळायला लागली होती. पोराकडच्या बाया एकमेकींकडं पाहत होत्या.

चौथ्या की पाचव्या खेपेला बायकोनं मान डोलावली. हो, हेच. ताटलीवर ताल सुरू झाला आणि बायकांनी गाणं म्हटलं, नात रडली, सगळं रीतीनं झालं.

ती चाल ती नव्हती. पन्नास वर्षं मी त्या बाईसोबत राहिलो आहे, तिची खरी मान कशी हलते मला माहीत आहे.

मी मांडवाबाहेर माझ्या खुर्चीवर बसलो होतो आणि आठवायचा प्रयत्न करत होतो. दाराबाहेरून मी ती चाल ऐकली होती. बकरीमागं जायच्या आधी दोन कडवी तरी ऐकली होती. डोळे मिटले की बकरी दिसे, वाळवण दिसे, दार दिसे. दाराच्या आतून आवाज येई तो त्या दुसऱ्या बाईचा. सावधान म्हणणारीचा. गोड, स्वच्छ, दमछाक नसलेला. आजही तसंच होतं. मी बायकोचा आवाज आठवायला बसतो आणि आधी ती येते.

डिस्क मी कापडात गुंडाळून ढोलीत ठेवली आहे, बियाण्याच्या धानात. तिला दुसरं घर नाही.

पाहुणे गेले त्या संध्याकाळी बायको माझ्याजवळ येऊन बसली. पाटीवर लिहिलं, "तुमाले तरी आठवते का चाल? तुमी दाराशी होते."

मी मान डोलावली.

तिनं माझ्याकडं पाहिलं, पाटी पुसली आणि मांडीवर ठेवून दिली. म्हणून दाखवा, असं तिनं अजून लिहिलेलं नाही. रोज संध्याकाळी ती पाटी हातात घेते तेव्हा मी अंगणात काहीतरी काम काढतो.